दोन कानांचा फळा

रविवार, ३ मार्च

ही डायरी केमिस्टने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. म्हणजे मी काहीही लिहिलं तरी शेवटी 'कफ मोकळा करा' येणारच. आज करतेच मोकळा, कारण पाठीचा असा भुगा झालाय की बसून लिहिण्यापलीकडे काही जमत नाही.

झालं असं की मागच्या आठवड्यात मी तळ्याकाठी एक पाटी लावली. 'सावधान. तळ्यात मगर आहे.' खाली सरकारी वाटावी अशी एक गिचमीड सही. लोकांनी लगेच विश्वास ठेवला. फिरायला येणारे पलीकडच्या रस्त्याने जायला लागले, आणि एकाने तर मगर पाहिलीसुद्धा. मी मावशीच्या पार्लरमध्ये केर काढते, तिथे गिऱ्हाइकांच्या तोंडून माझीच मगर ऐकत होते. दर गिऱ्हाइकागणिक ती हातभर लांब होत होती. मला हसू आवरेना, म्हणून मी सारखी टॉवेल धुवायला आत पळत होते.

पण तळं साफ करणारी रविवारची मंडळी आहेत, त्यांच्यातले निम्मे त्या पाटीमुळे आलेच नाहीत. आणि त्यांच्या म्होरक्या निघाल्या आमच्या भूगोलाच्या बाई. आता रिटायर झाल्यात, पण माझं अक्षर काही विसरल्या नाहीत. शनिवारी पाटी काखेत मारून पार्लरमध्ये आल्या आणि मावशीच्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "तुमच्या भाचीचे पेपर मी तीन वर्षं तपासलेत. कोंबडीचे पाय मला लांबून ओळखता येतात."

मावशी काही ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हाच घाबरायचं असतं. गणितात दोनदा आपटल्यावर आईने हात टेकले आणि मला मावशीच्या पदरात टाकलं, त्यामुळे इथून हाकललं तर मला पुढे जायला जागा नाही. शिक्षा बाईंनीच सुचवली. मगर सुखाने राहील इतकं तळं स्वच्छ होईपर्यंत दर रविवारी यायचं.

म्हणून आज सकाळी गमबूट घालून गुडघाभर चिखलात. जलपर्णी दिसायला नाजूक, जांभळी फुलं वगैरे. ओढायला गेलं की खाली हातभर दाढी आणि त्या दाढीत अख्खं तळं. एक जुडी काठावर आणली की तेवढ्यात मागे दुसरी सरकून जागा भरते. केमिस्ट शेजारी उभा राहून मला ओढायची पद्धत शिकवत होता आणि स्वतः दोन बोटांनी पानं खुडत होता. दुसरे ड्रायव्हरकाका, बस चालवायचे. ते काम करताना एक शब्द बोलत नाहीत, फक्त वळताना सवयीने आरशात बघतात, जिथे आरसा नसतो.

काम झाल्यावर सगळे पंपाच्या खोलीत जमतात. तिथे एक फळा आहे. त्या दिवशी तळ्यावर कोणता पक्षी दिसला किंवा ऐकू आला ते त्यावर लिहायचं. पण नियम असा, की दोन जणांनी पाहिला किंवा ऐकला असेल तरच लिहायचा. एकट्याचा कान चालत नाही. मी म्हटलं, मग माझी मगर लिहा, ती अख्ख्या गावाने पाहिलीय. ड्रायव्हरकाका पहिल्यांदाच हसले. केमिस्टने तेव्हाच ही डायरी दिली, शिक्षेची नोंद ठेव म्हणून.

कफ मोकळा झाला.

मंगळवार, ५ मार्च

मावशीच्या मनात बाईंची सल आहे, आणि ती मगरीची नाही. बाई आधी दर महिन्याला केस कापायला यायच्या. मानेवर आखूड, पोरासारखे, कान उघडे. गेले कितीतरी महिने फिरकल्याच नाहीत. परवा आल्या तेव्हा केस कानांवर पडदे सोडल्यासारखे. मावशीला वाटतं त्या चौकातल्या काचेच्या नव्या पार्लरमध्ये जातात. मी म्हटलं, ते केस कुणीच कापलेले नाहीत, नुसते वाढलेत. मी कापून देते हवं तर. मावशीने माझ्या हातात झाडू दिला. शेजारच्या पोराच्या डोक्यावर मी जिना कापल्यापासून मला कात्रीची बंदी आहे.

रविवार, १० मार्च

कामाआधी फेरी असते. ज्याला यायचंय त्याने यायचं, लहान पोरंही येतात, आणि बाईंच्या मागून तळ्याला एक चक्कर मारायची. शाळेतही बाई अशाच पुढे चालायच्या. आता एक नवीन खोड लागलीय. कुणी बोललं की थांबून पूर्ण वळतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. पोरं तर हरखून जातात. शाळेत आमचं कुणी इतकं मन लावून ऐकलं असतं तर आम्ही निदान गणितात तरी पास झालो असतो.

मग बाकावर गप्प बसायचं. हे माझ्यासाठी जलपर्णीपेक्षा अवघड. माझं नाव काही उगीच भिंगरी पडलेलं नाही.

बाकासमोर बोरूचं एक बेट उरलंय, पुरुषभर उंच गवत, दाट. बाकीचं सगळं बोरू मंडळींनी गेल्या वर्षी काढलं, कारण ते दरवर्षी पावलापावलाने पाण्यात शिरतं आणि तळं बुजवतं. केमिस्ट म्हणतो हेही काढा, मुळं ठेवलीत तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. बाई म्हणतात, थांबा. त्या बेटात पूर्वी बोरू वटवट्या घरटं करायचा. वाळक्या गवताच्या रंगाचा एवढासा पक्षी, दिसत कधी नाही, नुसता ऐकू येतो. पाणी जलपर्णीने झाकलं तेव्हापासून आला नाही. आता पाणी उघडतंय तर येईल. (शाळेत बाई मलाच वटवट्या म्हणायच्या. मी इतकी वर्षं ती शिवी समजत होते.)

बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारपर्यंत तो फळ्यावर आला तर बेट राहील. नाही आला तर त्याच दिवशी विळे.

निघताना केमिस्टने मागून विचारलं, पुढच्या वेळी फावडी आणू का. बाई पुढे बघतच म्हणाल्या, हो हो, चहा मीच आणते. कसला टोला हाणला. मला बाई आवडायला लागल्यात.

रविवार, २४ मार्च

आज मी जन्मातला सगळ्यात स्वस्त विनोद केला. सामान काहीच लागलं नाही.

बाकावर मी आणि बाईच होतो. सगळीकडे सामसूम. मी एकदम डोळे मोठे केले, बोट वर केलं आणि बाईंकडे वळून म्हटलं, "खंड्या ओरडला. ऐकलात?" काहीही ओरडलं नव्हतं. माझा बेत असा, की बाई म्हणतील कुठे गं, मग मी म्हणेन अहो आत्ता, मग त्या कान टवकारून बसतील आणि मी मनातल्या मनात लोळेन.

बाई म्हणाल्या, "हो, केव्हाचा ओरडतोय."

आणि पंपाच्या खोलीत जाऊन फळ्यावर लिहिलं. खंड्या. पुढे दोन रेघा, एक त्यांची, एक माझी.

म्हणजे बाई थापा मारतात! ज्यांनी मला एका खोट्या नकाशासाठी वर्गाबाहेर उभं केलं त्या! सकाळभर मला उकळ्या फुटत होत्या. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर फोडणार होते, पण बाईंनी सगळ्यात आधी माझ्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, तुझे कान चांगले आहेत, सांभाळ. मग फोडायची राहिलीच.

घरी मावशीला सांगितलं. वाटलं हसेल. ती ब्रशमधले केस काढत होती, ती थांबली. म्हणाली, हे आणखी कुणाला सांगितलंस? नाही म्हटलं. सांगू नकोस, म्हणाली. गिऱ्हाईक परत यावं म्हणून मावशी कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही.

शुक्रवार, २९ मार्च

संध्याकाळी सायकलवरून तळ्यावर गेले. बाई एकट्याच नव्या रोपांना पाणी घालत होत्या, पाठमोऱ्या. मी घंटी वाजवली. मग अगदी मागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाई, मगर."

काही नाही. झारी तशीच.

पुन्हा म्हटलं. मग माझी सावली रोपांवर पडली आणि बाई इतक्या दचकल्या की झारी पडली. मला बघून हसल्या. म्हणाल्या, किती हळू येतेस गं.

मी हळू आले नव्हते.

रविवार, ३१ मार्च

सगळ्यांच्या आधी पोचले. फळ्यावरचा खंड्या ओल्या फडक्याने पुसला. कुणी बघितलं नाही.

हे लिहिताना बरं वाटत नाहीये. चहा मीच आणते हा टोला नव्हता. वळून तोंडाकडे बघणं हे लक्ष देणंही नव्हतं. म्हणजे होतंही. केस वाढवणंही त्यामुळेच. आणि मावशीला हे माझ्या आधी कळलं, नुसतं मी सांगितलेल्या एका थापेवरून.

आपण उघड बोलायचं की नाही ते कळेना. मी बाईंना सांगणार, की तुम्हाला ऐकू येत नाही हे मला थट्टा करता करता कळलं? त्यापेक्षा मी दुसरं काढलं. बाकावर बसल्यावर म्हटलं, बाई, आवाज आला की मी तो बाकाच्या फळीवर बोटाने वाजवून दाखवते आणि कुठून आला ते दाखवते. नाव तुम्ही सांगा. माझा अभ्यास होईल.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तू आणि अभ्यास?"

मग आमच्या मध्ये ठेवलेली पिशवी उचलून पलीकडे ठेवली. त्या फसल्या. आपल्याला जमतंय.

रविवार, ७ एप्रिल

पाऊण तळं उघडं झालं. ड्रायव्हरकाका काठावर कंबर सरळ करून उभे होते, म्हणाले, इथे आभाळ दिसायला लागलं. खाली बघून म्हणाले. त्यांच्याकडून एवढं मोठं वाक्य म्हणजे भाषणच.

वटवट्या नाही.

रविवार, १४ एप्रिल

बोटांचा खेळ जोरात. टक, टक, टक, थांबून पुन्हा टक. लांब रेघ ओढली की शिट्टी. नखाने खरवडलं की किरकिर. बाई फळीवर हात ठेवून बसतात आणि बोटांच्या हिशोबाने नाव सांगतात, आणि मग त्या पक्ष्याची सगळी कुंडली. कुठे झोपतो, काय खातो, बायकोशी कसा वागतो. मला आता नऊ-दहा आवाज ओळखता येतात. परवा पार्लरमध्ये गिऱ्हाइकाचे केस धुताना बाहेर काहीतरी ओरडलं आणि मी नळ बंद करून ऐकत उभी राहिले. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात साबण. मावशीने न रागावता स्वतःच नळ सुरू केला, हे मला फार लागलं. म्हणजे चांगल्या अर्थाने.

मी बाईंना म्हटलं, बाई, शाळेत तुम्ही असं शिकवलं असतंत तर. त्या म्हणाल्या, शिकवत हेच होते, तू तेव्हा वटवट करत होतीस. मग फळीवर माझ्या बोटांशेजारी त्यांची बोटं वाजवली, लांब रेघ, दोन टक. कोणता पक्षी विचारलं तर म्हणाल्या, हा मी पूर्वी ऐकायचे तो, त्याला मी थँक्यू म्हणते आहे. म्हातारी माणसं पक्ष्यांशी काहीही बोलतात.

केमिस्ट विळ्यांना धार लावून आणतो म्हणाला. अजून दोन रविवार.

रविवार, २१ एप्रिल

नाही आला. माझे कान दुखायला लागलेत ऐकून ऐकून. बाई बेटाकडे बघत होत्या. म्हणाल्या, नाही आला तर नाही आला, आपण शब्द दिलाय. पण निघताना त्यांनी एक बोरू हाताने सरळ केलं, वाकलेलं होतं म्हणून. कापायचंच आहे तर सरळ कशाला करायचं?

मला तो पक्षी पाहिजे. आयुष्यात मी गणितात पास होणंसुद्धा इतकं मागितलं नव्हतं.

रविवार, २८ एप्रिल

सगळं नीट लिहायचंय, म्हणून आधी हात धुऊन आले.

उजाडताना मी आणि बाई बाकावर. काठावर मंडळी जमत होती, विळ्यांचा खणखणाट ऐकू येत होता. मला, म्हणजे. आणि मग बेटाच्या आतून, पार खालून, आलं. आधी दोन खरखरीत, मग एक उंच, मग पुन्हा खरखर, जसं कुणी बादलीच्या कडीवर भांडतंय. माझी बोटं माझ्या आधी पळाली. फळीवर नुसता थयथयाट. बाईंनी त्यांचा पंजा माझ्या बोटांवर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी धावत सुटले. आला, आला, विळे टाका.

केमिस्टने विळा टाकला नाही. विचारलं, "कुणी ऐकला?" मी म्हटलं मी. तो म्हणाला, हिने मगरही पाहिली होती. सगळे हसले. मीही त्यांच्या जागी असते तर हसले असते, तेच वाईट. मग तो जरा नरमून म्हणाला, नियम आहे गं, दुसरा कान कुणाचा? आणि सगळ्यांनी बाईंकडे बघितलं.

बाईंनी नुसतं हो म्हणायचं होतं. एक हो. खंड्याला नव्हत्या का म्हणाल्या? मी डोळ्यांनी सांगत होते, म्हणा.

"मला ऐकू आला नाही," बाई म्हणाल्या.

मला तळ्यात उडी मारावीशी वाटली.

मग त्या म्हणाल्या, "मला गेलं वर्षभर नीट ऐकू येत नाही. बारीक आवाज तर मुळीच नाही. मागे मी फळ्यावर खंड्या लिहिला, तोही ऐकला नव्हता. भिंगरीचे डोळे मोठे झाले होते, ती थाप मारतेय हे मला शाळेपासून ओळखता येतं. पण मला तो ऐकू यायला हवा होता. तो पुसला कुणी तेही मला माहीत आहे."

ड्रायव्हरकाका चिखलाकडे बघत होते. बाईंनी कानांवरचे केस मागे सारले, नेहमी पुढे ओढतात ते.

"आज हिचे डोळे मोठे झाले नाहीत," त्या म्हणाल्या. "आज ही मुलगी पापणी न हलवता बसली होती, आणि हे मी तीन वर्षांच्या शिकवण्यात एकदाही पाहिलं नाही. पण हा माझा कान नाही, म्हणून मी रेघ मारणार नाही. तुम्ही बसा. एक कप चहा संपेपर्यंत गप्प बसा. नाही ऐकू आला तर कापा, मी पहिला विळा घेते."

आम्ही सगळे गवतात बसलो. बाईंनी थर्मासमधून चहा ओतला. केमिस्टला गप्प बसायची सवय नाही, तो चहावर फुंकर मारत होता, मग बुटाची नाडी, मग घड्याळ. कप रिकामे व्हायला लागले. मी माझा पितच नव्हते, म्हणजे निदान माझा तरी संपायचा नाही.

फुंकर मारता मारता केमिस्ट थांबला. ओठ तसेच, चंबू केलेले.

मग ड्रायव्हरकाकांनी मान वळवली, आरशात बघतात तशी. मग पोरं, एकामागून एक. बेटातून भांडण सुरू होतं, कुणाची पर्वा न करता.

बाई बेटाकडे बघतच नव्हत्या. बेटाला पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि एकेकाचं तोंड बघत होत्या, डावीकडून उजवीकडे, जसा वर्ग बघायच्या. हळूच विचारलं, "अजून ओरडतोय?" केमिस्टने नुसती मान हलवली. त्याच्या कपातला चहा त्याच्या पँटवर सांडत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

फळ्यावर त्यानेच लिहिलं. औषधाच्या चिठ्ठीसारखं, कुणाला वाचता येणार नाही असं. बोरू वटवट्या. एक रेघ माझी, एक त्याची. मग मला म्हणाला, मगरीचं मनावर घेऊ नकोस. मी म्हटलं, ती माझी चूकच होती, तुम्ही पाटीला सरकारी शिक्का मागायला हवा होता.

बाईंना मी विचारलं, तुम्हाला बोटांचा खेळ पहिल्यापासून कळला होता? त्या म्हणाल्या, अभ्यासाचं नाव काढलंस तेव्हाच. मग ती लांब रेघ आणि दोन टक... म्हणजे तो पक्षी नव्हता तर.

मी खरंच मठ्ठ आहे.

गुरुवार, २ मे

दुपारी बाई पार्लरमध्ये आल्या आणि कुणी न सांगता खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, पूर्वीसारखे, कान उघडे. पर्समधून एक डबी काढली. आत कानाचं मशीन, नवंकोरं. कितीतरी महिने तसंच पडलं होतं. म्हणाल्या, घातलं तर दिसेल म्हणून केस वाढवले, आणि केस वाढवले म्हणून घातलं नाही. माझ्यासारखाच हिशोब.

मावशीने त्यांच्या अंगावर कापड बांधलं. कंगवा घेतला. कात्री घेतली. मग कात्री उलटी धरून माझ्यापुढे केली.

मी मागे झाडू शोधायला वळले, इतकी सवय.

"घे," मावशी म्हणाली. "जिना करू नकोस."

पहिल्या बटेला मी नुसतीच हवा कापली. बाईंनी डोळे मिटले, भरवशाने की भीतीने, देव जाणे. हळूहळू कान उघडे झाले. लहानसे आहेत, पोरीसारखे. डावी बाजू जरा वर गेली, मग उजवी वर घेतली, मग पुन्हा डावी. मावशी आत निघून गेली, बघवेना म्हणून, किंवा डोळे पुसायला. दोन्ही असेल.

मग बाईंनी मशीन कानात घातलं. आधी शिट्टी वाजली, त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. मग कात्रीकडे बघितलं. मी एकदा हवेत चालवली. "एवढा आवाज करते ही?" म्हणाल्या. मी पुन्हा चालवली. पुन्हा. बाहेरून सायकल गेली, आत मावशीने नाक शिंकरलं, बाई प्रत्येकाला मान वळवत होत्या.

मी खुर्चीच्या मागे होते. आरशातून दिसू नये म्हणून खाली वाकले, केस गोळा केल्यासारखं करून, आणि अगदी हळू म्हटलं, "बाई, मगर."

बाई वळल्या नाहीत. समोर बघतच म्हणाल्या, "येऊ दे. रविवारी तिलाही जलपर्णी काढायला लावू."